ॲल्युमिनियम फोमचं सँडविच पॅनल: दाबून, वाकवून आणि संगणकावर कसं तपासतात

एक मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे घ्या आणि त्यांच्यामध्ये २० मिमी जाडीचा ॲल्युमिनियम फोम. फोमची घनता भरीव ॲल्युमिनियमच्या एक दशांश, म्हणजे घनमीटरला २७० किलो. या पॅनलचं वजन चौरस मीटरला १०.८ किलो भरतं. तेवढ्याच वजनाचा भरीव पत्रा आणला तर तो ४ मिमी जाडीचा येतो. वाकण्याच्या बाबतीत दोघांची तुलना केली, तर कागदावर सँडविच ४१ पट ताठ निघतं. पण २०० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबलं, की हाच आकडा २४ पटींवर येतो. आणि पॅनल किती जोराला हार मानेल हे तर दाब देणारी पट्टी किती रुंद आहे यावरसुद्धा ठरतं.

यात चमत्कार काही नाही. मधला गाभा पोकळ बुडबुड्यांचा आहे, तो शिअरमध्ये (एक थर दुसऱ्यावरून सरकवणाऱ्या जोरात) घसरतो, जागच्या जागी चेंगरतो आणि ताणात, म्हणजे ओढल्यावर, मात्र पटकन तुटतो. चाचण्या आणि सिम्युलेशन दोन्हींचा रोख या तीन गोष्टींवर ठेवावा लागतो.

फोम बनतो कसा

कापलेला तुकडा ढोकळ्याच्या कापासारखा दिसतो. फक्त भिंती धातूच्या आणि जाडीला साधारण एक दशांश मिलिमीटर. तो बनवायच्या दोन मुख्य वाटा आहेत. जपानमध्ये विकसित झालेल्या अल्पोरास पद्धतीत सुमारे ६८० अंश सेल्सिअसला वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये साधारण १.५ टक्के कॅल्शियम घालून ढवळतात. त्याने रस दाटसर होतो आणि बुडबुडे वर पळून जात नाहीत. मग १.६ टक्क्यांच्या आसपास टायटॅनियम हायड्राइडची पूड मिसळतात. तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि रस फुगतो. थंड झाल्यावर ठोकळा कापून पट्ट्या काढायच्या आणि पत्रे इपॉक्सीने चिकटवायचे.

दुसरी वाट पावडरची. ॲल्युमिनियम मिश्रधातूची पूड आणि टायटॅनियम हायड्राइड एकत्र दाबून घट्ट करतात, त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे ठेवून रोलिंग करतात आणि सगळं एकत्र भट्टीत घालतात. गाभा जागेवरच फुगतो आणि पत्र्याला धातूनेच जोडला जातो, गोंद लागत नाही. जर्मनीत ब्रेमेनच्या फ्राउनहोफर संस्थेने आणि कारमान या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. इथे तापमानाची खिडकी अरुंद असते: गाभा वितळायला हवा, पत्रा वितळता कामा नये. म्हणून गाभ्यात सिलिकॉन वगैरे घालून त्याचा वितळणबिंदू खाली आणतात.

चाचणी करणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की भट्टीतून आलेला पत्रा मऊ पडलेला असतो. थंड रोलिंगने मिळवलेली ताकद सहाशे अंशांच्या आसपास टिकत नाही. पत्र्याच्या कारखान्याच्या सर्टिफिकेटवरचा यील्डचा (पत्रा कायमचा वाकू लागतो त्या ताकदीचा) आकडा सिम्युलेशनमध्ये टाकला, तर पॅनल संगणकावर भलतंच दणकट निघतं. तयार पॅनलचाच पत्रा सोलून त्याच्या टेन्साइल (ओढून तपासायच्या) पट्ट्या कापाव्यात. गोंदाच्या पॅनलमध्ये ही अडचण नाही. तिथे गोंद हाच कच्चा दुवा असतो.

फुगताना रस खाली निथळतो, त्यामुळे ठोकळ्याचा तळ जड आणि वरचा भाग हलका राहतो. एकाच ठोकळ्यातल्या तुकड्यांच्या घनतेत १०–२० टक्के फरक सहज सापडतो. घनतेवरून फोमचे गुणधर्म काढणाऱ्या गिब्सन-ॲश्बी सूत्रानुसार फोमची दाब सहन करायची ताकद सापेक्ष घनतेच्या (भरीव धातूच्या तुलनेतल्या घनतेच्या) दीड घाताने बदलते: भिंतीच्या धातूची यील्ड ताकद × ०.३ × सापेक्ष घनतेचा दीड घात. भिंतीची ताकद १५० मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे चौरस मिमीला एक न्यूटन) आणि सापेक्ष घनता ०.१ धरली तर उत्तर १.४ मेगापास्कलच्या आसपास येतं. घनता १० टक्क्यांनी वाढली की ताकद १५ टक्क्यांनी वाढते. म्हणून कोणत्याही तुकड्याला यंत्रात ठेवण्याआधी त्याची मापं आणि वजन घ्यायचं आणि घनता त्याच्या नावापुढे लिहायची. ही नोंद नसेल तर पुढच्या आलेखांमधला विखुरलेपणा कशामुळे आला हे कधीच कळणार नाही.

तुकडा कापणं

पहिली चूक इथेच होते. दातेरी करवतीने कापलं की कडेच्या पेशी, म्हणजे फोममधले बुडबुडे, चुरडतात. वायर कट, म्हणजे बारीक तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणं, सगळ्यात स्वच्छ. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात जॉबवर्क करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना आधी सांगावं लागतं की जॉब पोकळ आहे, वायर मध्येमध्ये हवेत जाईल आणि कटिंगचा वेग चढ-उतार करेल. वायर कटमध्ये तुकडा पाण्यात असतो आणि कापलेल्या पेशींमध्ये पाणी अडकून बसतं. तसाच वजनकाट्यावर ठेवला तर घनता फसवी येते. ७०–८० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, मगच तोला.

आकार किती? धातूंच्या फोमच्या दाब-चाचणीसाठी आयएसओ १३३१४ हे मानक आहे. प्रत्येक बाजू सरासरी पेशीच्या किमान १० पट असावी आणि १० मिमीपेक्षा कमी नसावी. उंची आणि कड यांचं गुणोत्तर १ ते २. पेशी ४ मिमीची असेल तर ४० मिमीपेक्षा लहान तुकडा घेऊ नये. कारण सरळ आहे: कडेच्या कापलेल्या पेशींना शेजारची भिंत नसते, त्या जवळपास काहीच भार घेत नाहीत. तुकडा लहान असेल तर अशा निकामी पेशींचं प्रमाण वाढतं आणि ताकद खोटीच कमी दिसते.

मग २० मिमी जाडीच्या गाभ्याचं काय करायचं? त्याच्या जाडीत जेमतेम पाच पेशी बसतात, मानक पाळता येत नाही. दोन उपाय आहेत: त्याच पद्धतीने बनलेला जाड ठोकळा मिळवून त्यावर चाचणी करा, किंवा पत्र्यांसकट पॅनलचाच चौरस कापून सपाट दाबा, ज्यासाठी एएसटीएम सी३६५ हे अमेरिकन मानक आहे. दुसऱ्या उपायात पत्रे गाभ्याच्या वरच्या-खालच्या पेशींना धरून ठेवतात, त्यामुळे आकडा थोडा वेगळा येतो. पॅनलच्या सिम्युलेशनसाठी तोच जास्त उपयोगी, पण दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

दाबून पाहणं

५० मिमीचा घन घेतला तर क्षेत्रफळ २५०० चौरस मिमी. १.५ मेगापास्कलला जोर होतो ३.७५ किलोन्यूटन. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत बांधकामाच्या सळया तपासायचं ६०० किलोन्यूटनचं यूटीएम (ओढून-दाबून तपासायचं यंत्र) असतं. त्याच्या पूर्ण क्षमतेच्या हे ०.६ टक्के झाले; तिथे लोड सेलचा (जोर मोजणाऱ्या भागाचा) आकडा विश्वासाचा नसतो. ५० किलोन्यूटनचं यंत्र शोधा. फोम पूर्ण चेंगरत आला की जोर २५ किलोन्यूटनपर्यंत जातो, तोही त्यात मावतो.

वेग असा ठेवायचा की सुरुवातीचा स्ट्रेन रेट (दर सेकंदाला मूळ उंचीचा किती हिस्सा दबतो) सेकंदाला ०.००१ ते ०.०१ राहील. ५० मिमी उंचीला ०.००१ म्हणजे मिनिटाला ३ मिमी. वरच्या-खालच्या प्लेटना थोडं ग्रीस लावा. सरकणं यंत्राच्या क्रॉसहेडवरून (वर-खाली सरकणाऱ्या आडव्या दांड्यावरून) मोजू नका. यंत्राची फ्रेम आणि जोडण्या स्वतःच दबतात आणि ते सगळं फोमच्या खात्यात जमा होतं. दोन प्लेटच्या मध्ये एलव्हीडीटी (सरकणं मोजणारा सेन्सर) लावा.

आलेखाचे तीन भाग दिसतात. आधी चढ. मग लांबच लांब सपाट पठार, जिथे पेशींचे थर एकामागून एक कोसळत असतात. कॅमेऱ्यातून पाहिलं तर साधारण एका पेशीच्या जाडीचा आडवा पट्टा आधी चुरडतो, मग दुसरीकडे दुसरा. शेवटी भिंती एकमेकींना टेकतात आणि आलेख वर उसळतो. गिब्सन-ॲश्बीच्या हिशेबाने ०.१ सापेक्ष घनतेला ही गच्च व्हायची वेळ ८६ टक्के स्ट्रेनच्या जवळ येते, पण आलेख त्याच्या कितीतरी आधी, ६०–७० टक्क्यांपासूनच चढू लागतो.

मानकाप्रमाणे पठाराचा स्ट्रेस (क्षेत्रफळामागचा जोर) म्हणजे २० ते ३० टक्के, किंवा २० ते ४० टक्के, स्ट्रेनमधली सरासरी. स्ट्रेस त्याच्या १.३ पट झाला की पठार संपलं असं मानतात. ऊर्जा म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत आलेखाखालचं क्षेत्रफळ. १.५ मेगापास्कलच्या फोमला ती घन सेंटिमीटरला साधारण पाऊण ज्यूल येते.

एक सापळा ताठपणाचा आहे. सुरुवातीच्या चढाचा उतार म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचा आकडा) असं समजून लोक तो मोकळेपणाने वापरतात. फोममध्ये काही कमकुवत भिंती पहिल्याच न्यूटनांमध्ये वाकून बसलेल्या असतात, त्यामुळे चढाचा उतार खऱ्यापेक्षा कमी येतो. पठाराच्या ७० टक्क्यांपर्यंत जोर चढवा, २० टक्क्यांपर्यंत सोडा आणि त्या उतरत्या रेषेचा उतार घ्या. सिम्युलेशनमध्ये जायला हवा तो हा आकडा.

गोंद आणि शिअर

गोंदाच्या पॅनलसाठी पत्रे सरळ ओढून काढायची चाचणी, एएसटीएम सी२९७, अवश्य करावी. ५० बाय ५० मिमीचे तुकडे, दोन्ही बाजूंना जाड ठोकळे चिकटवलेले. तुटलेला पृष्ठभाग पाहायचा: दोन्ही अर्ध्यांवर फोमची तुटलेली टोकं दिसली तर गोंद पास. पत्रा आरशासारखा स्वच्छ निघाला तर तो नीट घासला किंवा पुसला नव्हता, आणि अशा पॅनलच्या पुढच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही.

शिअरसाठी एएसटीएम सी२७३: दोन जाड प्लेटच्या मध्ये फोमची पट्टी, लांबी जाडीच्या किमान १२ पट. २० मिमीला २४० मिमी. जोराची रेषा तुकड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून जायला हवी. नाहीतर शिअरबरोबर सोलणंही सुरू होतं.

वाकवून पाहणं

ही चाचणी सोपी दिसते म्हणून फसवते. वरचंच पॅनल ५० मिमी रुंद कापू. आधारांमधलं अंतर २०० मिमी, पत्र्याची यील्ड ताकद १०० मेगापास्कल, गाभ्याची दाबातली ताकद १.५ आणि शिअरमधली १ मेगापास्कल. मधोमध १० मिमी रुंद सपाट पट्टीने दाबायचं. ही तुळई तीन प्रकारे हरू शकते.

पहिला प्रकार, पत्रा यील्ड होणं: ४ × रुंदी × पत्र्याची जाडी × दोन पत्र्यांच्या मध्यांतलं अंतर × यील्ड ताकद, भागिले आधारांमधलं अंतर. ४ × ५० × १ × २१ × १०० ÷ २०० म्हणजे २१०० न्यूटन. गाभाही थोडा हातभार लावतो, १५० न्यूटनचा. एकूण २२५०.

दुसरा, गाभा शिअरमध्ये घसरणं: २ × रुंदी × गाभ्याची जाडी × शिअर ताकद, म्हणजे २००० न्यूटन. त्याबरोबर पत्रेही ठिकठिकाणी बिजागरीसारखे दुमडतात, त्याचे १००. एकूण २१००.

तिसरा, पट्टी जागच्या जागी रुतणं: २ × रुंदी × पत्र्याची जाडी × पत्र्याच्या आणि गाभ्याच्या ताकदीच्या गुणाकाराचं वर्गमूळ, अधिक पट्टीची रुंदी × तुळईची रुंदी × गाभ्याची ताकद. १२२५ अधिक ७५०, म्हणजे १९७५ न्यूटन.

१९७५, २१००, २२५०. तीनही एकमेकांच्या उरावर. हिशेबाने पट्टी रुतायला हवी, पण गाभ्याच्या घनतेत दहा टक्के इकडेतिकडे झालं की क्रम बदलू शकतो. एकाच पॅनलमधून कापलेल्या तीन तुळया तीन वेगळ्या प्रकारे मोडल्या तर चाचणी चुकली असं समजू नये. आता पट्टीऐवजी बारीक रोलर लावा: तिसऱ्या सूत्रातला दुसरा हिस्सा जवळपास नाहीसा होतो आणि पॅनल साधारण १२२५ न्यूटनलाच रुतू लागतं. २० मिमीची पट्टी लावा: रुतायला २७२५ लागतात आणि आता गाभ्याचा शिअर आधी नंबर लावतो. पॅनल तेच, जोर दुपटीच्या जवळ बदलला. अहवालात पट्टीची किंवा रोलरची मापं नसतील तर वाकवण्याचा आकडा निरुपयोगी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधारांच्या बाहेर तुळई किती लोंबते तेही लिहावं. बाहेरचा भागही शिअरमध्ये साथ देतो.

गाभ्याचा शिअर मोजायचा असेल तर एएसटीएम सी३९३ आहे: साधारणपणे ७५ मिमी रुंद, २०० मिमी लांब तुकडा, १५० मिमी अंतर, मिनिटाला ६ मिमी वेग, पट्टीखाली रबराचा पॅड. पत्र्याची ताकद मोजायची असेल तर लांब तुळई घ्यायची, त्यासाठी डी७२४९. आखूड तुळईत गाभा हरतो, लांब तुळईत पत्रा. एकाच लांबीवर दोन्ही मोजायचा मोह टाळा.

ताठपणाचं गणित आणखी मजेशीर आहे. या तुळईवर १००० न्यूटन ठेवले तर पत्रे ताणले-दबले गेल्यामुळे मध्यबिंदू ०.२१६ मिमी खाली जातो. गाभ्याचा शिअर मॉड्युलस (शिअरमधला ताठपणा) ३०० मेगापास्कल धरला तर निव्वळ गाभा घसरल्याने आणखी ०.१५१ मिमी. एकूण ०.३६७, त्यातला ४१ टक्के हिस्सा शिअरचा. पाठ्यपुस्तकातलं साधं बीमचं सूत्र हा हिस्सा पाहतच नाही. ४१ पटीचे २४ पट झाले ते इथे.

याच गोष्टीचा उपयोग करून दोन्ही गुणधर्म एका चाचणीतून काढता येतात. तीच तुळई १५०, २००, ३००, ४०० मिमी अंतरांवर, प्रत्येक वेळी मोडण्याच्या बरंच अलीकडे थांबून, वाकवा. सरकणं भागिले जोर आणि अंतराचा गुणाकार, हा आकडा उभ्या अक्षावर. अंतराचा वर्ग आडव्या अक्षावर. सरळ रेषा येते. तिच्या उतारातून पत्र्यांचा ताठपणा मिळतो आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून गाभ्याचा शिअर. सरकणं मात्र खालच्या पत्र्याच्या मध्यावर मोजायचं. वरून मोजलं तर रुतणंही त्यात मिसळतं.

संगणकात काय भरायचं

बहुतेक कामांत फोमची प्रत्येक पेशी काढत नाहीत; गाभा एकसंध पदार्थ मानून त्याला फोमसारखं वागायला लावतात. त्यासाठी देशपांडे-फ्लेक मॉडेल सगळ्यात जास्त वापरलं जातं. साधा धातू फक्त आकार बदलणाऱ्या स्ट्रेसला यील्ड होतो, सगळीकडून सारखा दाबला तर होत नाही. फोम मात्र सगळीकडून दाबला तरी चेंगरतो. देशपांडे आणि फ्लेक यांनी २००० साली मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकारचे स्ट्रेस एकाच समीकरणात येतात, आणि त्यांचं प्रमाण प्लास्टिक पॉयसन गुणोत्तरावरून ठरतं. अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ते क्रशेबल फोममधल्या आयसोट्रॉपिक हार्डनिंगच्या पर्यायात मिळतं, एलएस-डायना या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल १५४ म्हणून.

प्लास्टिक पॉयसन गुणोत्तर म्हणजे चेंगरताना तुकडा बाजूला किती फुगतो. ॲल्युमिनियम फोमला ते शून्याच्या जवळ असतं; दाब-चाचणी १०–२० टक्क्यांवर थांबवून व्हर्निअरने रुंदी मोजली की कळतं. अबॅकस त्याबरोबर दाबातल्या यील्डचं एक गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावरची यील्ड भागिले सगळीकडून दाबल्यावरची) मागतं. दोन्ही एकमेकांशी बांधलेले आहेत: यील्डच्या गुणोत्तराचा वर्ग बरोबर ३ वजा ६ गुणिले पॉयसन. पॉयसन शून्य असेल तर १.७३२, ०.१ असेल तर १.५४९. दोन्हीकडे मनाला येईल ते आकडे टाकले तर सॉफ्टवेअर गणित करून देईल, पण बाजूचं फुगणं चाचणीशी जुळणार नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. साध्या धातूसाठी चाचणीतला (मूळ क्षेत्रफळावरचा) स्ट्रेस खऱ्या (त्या क्षणाच्या क्षेत्रफळावरच्या) स्ट्रेसमध्ये बदलताना आपण आकारमान बदलत नाही असं गृहीत धरतो. हात त्याच सूत्राला सरावलेला असतो. फोमच्या बाबतीत आडवं क्षेत्रफळच बदलत नाही, म्हणून चाचणीतला स्ट्रेस हाच खरा स्ट्रेस. भरीव धातूचं सूत्र लावलं तर ५० टक्के स्ट्रेनला १.५ मेगापास्कलचे ०.७५ होतात आणि गाभा चेंगरताना मऊ पडत जातो, नेमकं उलट. स्ट्रेन मात्र बदलावा लागतो: अबॅकसला लॉगरिदमिक प्लास्टिक स्ट्रेन हवा, म्हणजे ५० टक्क्यांचे ०.६९३ होतात, त्यातून इलॅस्टिक भाग वजा. एलएस-डायनाच्या मटेरियल ६३ ला आकारमानात झालेली घट हवी असते. तिथे ५० टक्के म्हणजे ०.५ च. एका सॉफ्टवेअरसाठी केलेला तक्ता दुसऱ्यात तसाच चिकटवला की गाभा भलत्याच स्ट्रेनला गच्च होतो.

आलेखाच्या सुरुवातीला छोटं शिखर आणि मग घसरण असेल, तर ती घसरण तशीच भरू नका. संगणकात चेंगरणं एकाच एलिमेंटच्या (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात त्यांच्या) ओळीत गोळा होतं आणि मेश (या तुकड्यांची जाळी) बारीक केली की उत्तर बदलतं. शिखर छाटून पठाराला सपाट करा. शेवटचा चढ चाचणी थांबली तिथे तोडू नका. पुढे तीव्र चढ हाताने जोडा. नाहीतर पट्टीखालचे एलिमेंट उलटे होतात आणि ऋण आकारमानाचा संदेश देऊन गणित थांबतं. एलएस-डायनामध्ये इंटीरियर कॉन्टॅक्ट (एलिमेंट स्वतःतच उलटू नये यासाठीचा पर्याय) लावल्यानेही फायदा होतो.

पत्र्यांना शेल (पातळ पृष्ठभागाचे) एलिमेंट घेतात आणि गाभ्याला घन. शेलचा मध्य थेट गाभ्याच्या पृष्ठभागावर ठेवला, तर पत्र्यांतलं अंतर २१ ऐवजी २० मिमी होतं. दिसायला क्षुल्लक, पण ताठपणा अंतराच्या वर्गाने जातो: ९ टक्के तूट. ऑफसेट द्या, म्हणजे शेलचा मध्य अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवा. भट्टीत जोडलेल्या पॅनलमध्ये पत्रा आणि गाभा टाय करून (सुटू न देता बांधून) चालतं. गोंद असेल तर कोहेसिव (सुटू शकणाऱ्या जोडाचा) थर लागतो आणि त्याचे आकडे सोलण्याच्या चाचणीतूनच यायला हवेत.

एलिमेंट किती मोठे? पेशी ४ मिमीची असताना अर्ध्या मिलिमीटरची मेश करून अचूकता वाढत नाही. त्या मापाला एकसंध पदार्थ हीच कल्पना लागू पडत नाही. या गाभ्याला २ ते ३ मिमी ठीक. तीन वेगळ्या मेश चालवून जोर-सरकणं आलेख एकमेकांवर टाका.

हळू चाललेली चाचणी एक्सप्लिसिट (काळाच्या अगदी छोट्या पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या) पद्धतीने चालवायची असेल तर काळाचा हिशेब करावा लागतो. ॲल्युमिनियममध्ये लाट सेकंदाला सुमारे ५००० मीटरने जाते, म्हणून ३ मिमीच्या एलिमेंटला एक पायरी ०.६ मायक्रोसेकंदाची. मिनिटाला ६ मिमी वेगाने १० मिमी दाबायला १०० सेकंद लागतात, म्हणजे १७ कोटी पायऱ्या. कोणी चालवत नाही. वेग अर्धा मीटर प्रति सेकंद केला की ३३ हजारांत काम होतं. त्याची किंमत दोन ठिकाणी तपासायची: गतिज ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांखाली हवी, आणि पट्टीवरचा जोर दोन आधारांवरच्या जोरांच्या बेरजेइतका हवा. दुसरी तपासणी जास्त कडक आहे आणि लोक तीच गाळतात. आवरग्लास (एलिमेंटच्या खोट्या लचकण्याची) ऊर्जाही पाहा; ती वाढत असेल तर एलिमेंट चेंगरत नसून नुसते लचकत आहेत.

या मॉडेलची एक मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागते. त्यात ताण आणि दाब सारखेच वागतात. खरा ॲल्युमिनियम फोम ताणात एक-दोन टक्क्यांतच तुटतो. गाभा शिअरमध्ये गेला की पट्टीपासून आधाराकडे तिरकी भेग पडते आणि जोर कोसळतो. संगणक मात्र तोच जोर शांतपणे पुढे चालवतो. भेग पडेपर्यंतचाच भाग जुळवून पाहावा, किंवा ताणातल्या स्ट्रेनवर एलिमेंट काढून टाकायची अट घालावी. ती अट मेशच्या मापाशी बांधलेली असते, मेश बदलली की पुन्हा बसवावी लागते.

आदळणं, आणि पेशीपर्यंत जाणं

५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडलं तर ४९ ज्यूल. ५० बाय ५० मिमीच्या सपाट तोंडाने ते २० मिमी गाभ्यावर पडलं तर खाली ५० घन सेंटिमीटर फोम आहे. ५० टक्क्यांपर्यंत तो ३७ ज्यूल खातो. उरलेले १२ ज्यूल त्याला ६५ टक्क्यांच्या आसपास नेतात, जिथे पठार संपत आलेलं असतं आणि जोर उसळू लागतो. म्हणजे जाडी जेमतेम पुरली. अशा वेगांना ॲल्युमिनियम फोमचा पठारी स्ट्रेस फारसा बदलत नाही, हळू चाचणीचे आकडे चालतात. लाटा पेशींना एका टोकाकडून चुरडत जातात तो प्रकार सेकंदाला दहा-वीस नव्हे, त्याहून बऱ्याच जास्त मीटरला सुरू होतो.

पेशींची खरी रचना हवी असेल तर मायक्रो-सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी आतली त्रिमितीय प्रतिमा काढणं. ५० मिमीचा घन ५० मायक्रॉनच्या व्हॉक्सेलने (त्रिमितीय ठिपक्याने) पाहिला तर १०० कोटी व्हॉक्सेल होतात, आणि एवढं करूनही एक दशांश मिलिमीटरची भिंत फक्त दोन व्हॉक्सेल जाड दिसते. धातू आणि हवा वेगळी ठरवणारा उंबरठा किंचित हलवला की भिंत जाड किंवा गायब. म्हणून सीटीवरून बनवलेल्या मॉडेलचं वजन काढून ते काट्यावरच्या वजनाशी आधी जुळवायचं. बहुतेकांना सीटीचा खरा फायदा वेगळाच असतो: गाभ्यात घनता कुठे जास्त, कुठे कमी याचा नकाशा मिळतो. त्या नकाशाप्रमाणे काही पेशींएवढ्या ठिपक्यांना वेगळी ताकद द्या, दीड घाताच्या नियमाने. प्रत्येक एलिमेंटला स्वतंत्रपणे यादृच्छिक आकडा दिला तर सगळं एकमेकांत विरघळून पुन्हा सरासरीच हाती येते.

जुळलं म्हणजे काय

दाब, शिअर आणि पत्र्याची टेन्साइल या छोट्या चाचण्यांतून आकडे भरायचे. मग वाकवण्याच्या चाचणीचं भाकीत, शिखराचा जोर आणि हरण्याचा प्रकार दोन्ही, चाचणीच्या आधी लिहून ठेवायचं. वाकवण्याचा आलेख समोर ठेवून गाभ्याची ताकद हलवत बसलं तर कोणतंही मॉडेल जुळतं, आणि पुढच्या पॅनलला ते पडतं. जोर बरोबर पण प्रकार चुकीचा, म्हणजे चाचणीत गाभ्यात भेग आणि संगणकात पट्टी रुतलेली, असं झालं तर ते न जुळलेलंच धरावं. वरच्या १९७५-२१०० च्या उदाहरणात असा योगायोग सहज घडू शकतो. तुलनेला किमान पाच तुळया घ्या, प्रत्येकीची घनता वेगळी लिहा आणि संगणकाचं उत्तर सरासरी घनतेला, सर्वांत हलक्या तुळईला आणि सर्वांत जड तुळईला असं तीनदा काढा. चाचणीचे आलेख त्या तिघांच्या पट्ट्यात बसतात का, ते पाहायचं. बाहेर गेले तर आधी पत्र्याची यील्ड ताकद, मग शेलचा ऑफसेट, मग स्ट्रेसचं रूपांतर या क्रमाने शोध घ्यावा; बहुतेक वेळा फोमच्या मॉडेलपर्यंत जायची वेळच येत नाही.